मोटारींतील वाटाड्या

परमुलखांत जावयाचें तर वाटाड्या बरोबर घ्यावा, ही रीत फार जुनी आहे. सह्याद्रीच्या घाटवाटांनीं कोंकणांत उतरणारा मनुष्य घाटमाथ्यावरच्या गांवांतून एखादा माहीतगार गडी सोबत घेई, त्याच्या हातावर चार पैसे ठेवी आणि तो नेईल तिकडे निमूटपणें जाई. अशा वाटाड्याच्या अंगीं दोन गुण असावे लागत. एक तर त्याला वाट पुरी ठाऊक असली पाहिजे. आणि दुसरें असें कीं, त्यानें उगाच गप्पा सांगून पांथस्थाचें लक्ष पायांखालच्या निसरड्या दगडावरून उडवितां कामा नये. हल्लीं मोटारगाडींत चालकाच्या पुढ्यांत जो कांचेचा उजळ पडदा दिसतो, तो या वाटाड्याचाच नवा अवतार होय. पहिला गुण त्याच्या ठायीं भरपूर आहे. दुसरा आहे कीं नाहीं, हें मात्र त्याला गाडींत बसविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतें.

नव्या गाड्यांत हा पडदा कारखान्यांतूनच बसून येतो. परंतु आठ-दहा वर्षांपूर्वींच्या असंख्य गाड्या अजून सुस्थितींत धांवत आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळींत साध्या रेडिओपलीकडे कांहीं नसतें. केवळ एका पडद्यासाठीं चांगली गाडी मोडींत काढणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून मालक बाजारांतून निराळें यंत्र विकत घेतात आणि जुन्या रेडिओच्या जागीं बसवून घेतात. त्यांत नकाशा असतो, गाणीं असतात, दूरध्वनीवर बोलण्याची सोय असते, आणि गाडी मागें घेतांना पाठीमागचें दृश्य दाखविणारा कॅमेराही त्याला जोडतां येतो. पुण्यास नाना पेठेंत मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. अशा बाजारांतला दुकानदार "तासाभरांत बसवून देतों" असें सांगतो, आणि तें बहुधा खोटें नसतें. त्या तासाभरांत काळ्या फळीच्या मागें काय काय घडतें हें मालकाला मात्र दिसत नाहीं, कारण तो तेवढा वेळ समोरच्या हॉटेलांत चहा घेत बसलेला असतो.

उदाहरणादाखल पुण्यांतील एका निवृत्त कारकुनाचें कुटुंब घेतां येईल. गाडी नऊ वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली. चालविते ती मुलगी; वडिलांनीं आयुष्यांत सायकलीपलीकडे कांहीं चालविलें नाहीं. दर भाद्रपदांत गणपतीसाठीं ताम्हिणी घाट उतरून माणगांवच्या पुढें असलेल्या मूळ गांवीं जावयाचें. गेल्या खेपेस पावसांत, अंधारांत एक फांटा चुकला आणि मध्यरात्रीं गाडी भलत्याच वाडींत जाऊन उभी राहिली. त्यानंतर घरांत ठरलें कीं, या वर्षीं गाडींत वाटाड्या बसवावयाचा.

या यंत्राचें कुळ शोधूं गेल्यास तें दोन घराण्यांच्या सोयरिकींतून जन्मलें आहे असें दिसतें. एक घराणें करमणुकीचें व दुसरें मार्गदर्शनाचें. करमणुकीचें घराणें वडील. १९३० सालीं अमेरिकेंत शिकागो येथें पॉल गाल्व्हिन यांच्या कंपनीनें मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस काढला आणि त्याला 'मोटोरोला' असें नांव दिलें. पुढें ती कंपनीही त्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. १९३२ सालीं जर्मनींत ब्लाउपुंक्ट कंपनीचा मोटार-रेडिओ निघाला. हे रेडिओ गाडी घेतल्यावर निराळे बसवून घ्यावे लागत. म्हणजे बाहेरून आणलेलें यंत्र गाडींत बसविण्याचा हा उद्योग मोटार-रेडिओइतकाच जुना आहे.

मार्गदर्शनाचें घराणें त्यामानानें बरेंच धाकटें. १९८१ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें एक मार्गदर्शक यंत्र काढलें. त्यांत उपग्रहाचा संबंध नव्हता. गाडी किती वळली आणि किती चालली एवढें मोजून, पारदर्शक पत्र्यांवर छापलेल्या नकाशावर तें गाडीची जागा दाखवी. १९८५ सालीं अमेरिकेंतील ईटॅक कंपनीनें नकाशे कॅसेटच्या फितींत भरले; गांव बदललें कीं फीत बदलावयाची! १९९० सालीं माझ्दा कंपनीच्या युनोस कॉस्मो या गाडींत उपग्रहांच्या आधारें वाट दाखविणारें यंत्र कारखान्यांतूनच बसून आलें. तेथपासून दोन्ही घराणीं एका पडद्यामागें नांदूं लागलीं.

उपग्रहांच्या साह्यानें वाट कळते म्हणजे नेमकें काय होतें, याविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. उपग्रह वरून गाडीकडे पाहतो आणि ती कोठें आहे तें कळवितो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः उपग्रहाला गाडीची दादही नसते. अमेरिकेच्या जी.पी.एस. या मालिकेंतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकांत अत्यंत अचूक असें आण्विक घड्याळ असतें, आणि तो एकसारखा एवढेंच सांगत असतो: "मी अमुक जागीं आहें, आणि आतां अमुक वेळ झाली आहे." हा संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर या गतीनें खालीं येतो. डोक्यावरच्या उपग्रहापासून गाडीपर्यंत पोंचावयास त्याला सेकंदाचा सुमारें पंधरावा हिस्सा लागतो. संदेश किती उशिरां आला यावरून उपग्रह किती दूर आहे तें यंत्राला काढतां येतें. तीन उपग्रहांचीं अंतरें कळलीं कीं भूमितीच्या नियमानें जागा ठरावी. परंतु यंत्रांतलें स्वस्त घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश हिश्श्यानें चुकलें तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. म्हणून चौथ्या उपग्रहाचा संदेश घेऊन यंत्र आपलें घड्याळ सुधारून घेतें. शाळेंत चार अज्ञातांसाठीं चार समीकरणें लागतात असें शिकवितात. येथें तीं चार समीकरणें आकाशांतून येतात, एवढेंच.

मे २००० पूर्वीं अमेरिकेचें सरकार नागरी उपयोगाच्या संदेशांत मुद्दाम अशुद्धता मिसळीत असे, आणि त्यामुळें साधें यंत्र शंभर मीटरांपर्यंत चुके. तेवढ्या चुकीनें पुण्याच्या पेठेंत मनुष्य दोन बोळ पलीकडे जाईल. ती अशुद्धता काढून टाकल्यावरच मोटारींतील वाटाड्या खऱ्या अर्थानें उपयोगी झाला. भारतानेंही आपली स्वतंत्र उपग्रहमालिका उभारावयास घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं आकाशांत गेला, आणि पुढें तिला 'नाविक' असें सुंदर नांव मिळालें.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. यंत्र केवळ ऐकतें, बोलत नाहीं. म्हणून जागा कळण्यासाठीं दूरध्वनीच्या मनोऱ्याची किंवा इंटरनेटची गरज नसते. नकाशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या यंत्रांत नकाशा आधींपासून भरून ठेवलेला नाहीं, तें यंत्र तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यानें मागवीत असतें. घाटांत मोबाईलची रेंज गेली कीं ठिपका बिनचूक चालत राहतो, परंतु कोऱ्या कागदावर! "घाटांत जी.पी.एस. बंद पडतें" अशी जी तक्रार ऐकूं येते, तिच्या मुळाशीं बहुतेक वेळां हाच प्रकार असतो. उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वीं घरीं बसून त्या भागाचा नकाशा यंत्रांत उतरवून घ्यावा. बोगद्याची अडचण मात्र खरी असते. द्रुतगति मार्गावरील भाताणच्या बोगद्यांत आकाशच दिसत नाहीं, त्यामुळें तेथें यंत्र कांहीं क्षण अंदाजानें चालतें.

आतां प्रत्यक्ष बसविण्याकडे वळावयास हरकत नाहीं. पहिला प्रश्न मापाचा. रेडिओच्या खणाचें माप जर्मनीच्या मानक-संस्थेनें ठरवून दिलें आणि तें जगभर रूढ झालें: १८० मिलिमीटर रुंदी व ५० मिलिमीटर उंची. दुप्पट उंचीचा खण १८० बाय १००. बाजारांत यांना अनुक्रमें 'सिंगल डिन' व 'डबल डिन' म्हणतात. कांहीं गाड्यांत मूळ रेडिओचा चेहरा डॅशबोर्डच्या आकाराशीं असा एकजीव केलेला असतो कीं, तो काढल्यावर वेडावांकडा खळगा राहतो. तेथें त्या गाडीसाठीं बनविलेली प्लॅस्टिकची चौकट, जिला कारागीर 'फ्रेम' म्हणतात, घ्यावी लागते. गाडीचें नांव आणि सालही सांगून ती मागावी. फ्रेम बसत नाहीं म्हणून कानस घेऊन डॅशबोर्ड घासूं लागणाऱ्या कारागिरापासून गाडी परत घेतलेली बरी.

काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. यांत दोन हेतु असतात. एक, चुकून दोन तारा एकमेकींस लागल्या तरी ठिणगी पडूं नये. दुसरा अधिक महत्त्वाचा. अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, डॅशबोर्डच्याच आसपास दडलेल्या असतात, आणि त्यांच्या मंडलांत बॅटरी सोडविल्यावरही थोडा वेळ वीज सांठून राहते. म्हणून तार सोडविल्यावर कांहीं मिनिटें थांबावें. त्यांच्या जोडण्या सामान्यतः पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावूं नये, आणि त्यांच्या तारेंतून दुसऱ्या कशासाठींही वीज घेऊं नये. नंतर प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीनें फळी हळूहळू उचकटावी. लोखंडी पेंचकसानें (स्क्रू-ड्रायव्हरनें) ती लवकर निघते हें खरें, पण तिच्या कडेवर कायमचा व्रण राहतो.

रेडिओ बाहेर ओढला कीं त्याच्या पाठीमागें तारांचा झुबका दिसतो. येथेंच सर्व मर्म आहे. बाजारी यंत्रांच्या तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी, तांबडी आणि काळी या तीन मुख्य. काळी ती गाडीच्या पत्र्याशीं, म्हणजे ऋण बाजूशीं जोडावयाची. पिवळी आणि तांबडी या दोघींतही बारा व्होल्टचाच दाब असतो, म्हणून अडाणी माणसाला त्या सारख्याच वाटतात. पण त्यांचीं कामें फार निराळीं. घरांतील भिंतीवरचें घड्याळ सर्व मंडळी परगांवीं गेलीं तरी चालूच असतें; दिवा मात्र माणूस घरांत असतांनाच लावतात. पिवळी तार म्हणजे घड्याळ. ती सदैव जिवंत राहून यंत्राची स्मृति सांभाळते, आणि यंत्र जागें असतांना त्याला लागणारी मोठी वीजही तीच पुरविते. तांबडी तार म्हणजे दिवा लावणारें बटन. किल्ली फिरविली कीं ती जिवंत होते आणि यंत्राला जागें करते. किल्ली काढली कीं निजविते.

या दोघींची अदलाबदल झाली तर यंत्र चालतें, पण दर वेळीं सर्व कांहीं विसरतें. वेळ, स्टेशनें, आवाजाची मांडणी पुन्हां पहिल्यापासून. कांहीं गाड्यांत मूळ जोडणींतच या दोन जागा उलट असतात, त्यामुळें दोष कारागिराचा नसतांनाही असें घडतें. खरा घात निराळाच. किल्लीवर चालणारी तार शोधण्याचा कंटाळा करून दोन्ही तारा सदैव जिवंत असलेल्या एकाच तारेला बांधल्या, तर यंत्र कधींच झोंपत नाहीं. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी समजा ३५ अँपिअर-तासांची आहे. निजलेलें यंत्र समजा अँपिअरचा शंभरावा हिस्सा घेतें. त्या हिशेबानें बॅटरी साडेतीन हजार तास, म्हणजे जवळजवळ पांच महिने पुरेल. जागें यंत्र एक अँपिअर घेऊं लागलें तर तीच बॅटरी ३५ तासांत रिकामी. इंजिन सुरू होण्याइतका जोर त्याच्याही पुष्कळ आधीं संपतो. शनिवारीं रात्रीं उभी केलेली गाडी सोमवारीं सकाळीं उठत नाहीं, तेव्हां बिचाऱ्या बॅटरीवाल्याला दोष मिळतो.

रंगांचा हा संकेत यंत्राच्या बाजूचा आहे, गाडीच्या बाजूचा नव्हे, हें विसरूं नये. गाडीच्या कारखानदारांचे रंग ज्याचे त्याचे निराळे. तेथें डोळ्यांवर विश्वास न ठेवतां मीटर लावून पाहावें: किल्ली बंद असतां कोणती तार जिवंत, आणि किल्ली फिरविल्यावर कोणती. उत्तम मार्ग म्हणजे गाडीची तार मुळींच न कापणें. गाडीच्या मूळ कपलरला एका बाजूनें आणि यंत्राच्या कपलरला दुसऱ्या बाजूनें बसेल असा तयार जोड बाजारांत मिळतो. यंत्राच्या किमतीच्या मानानें त्याचें मोल किरकोळ असतें, तरीही तेवढे पैसे वांचविण्यासाठीं मूळ कपलर कापून तारा पिळण्याचा प्रघात पडला आहे. पिळलेल्या तारांवर चिकटपट्टी गुंडाळली कीं काम झालें असें समजतात. पण वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांच्याही वर तापतो. त्या उष्णतेनें पट्टीचा डिंक पाझरतो, पट्टी सुटते, आणि उघडी पडलेली तार गाडीच्या हादऱ्यांनीं पत्र्यास लागते. तार कापावीच लागली तर जोडाला नीट डाख द्यावा किंवा दाबजोड बसवावा, आणि वर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. गाडी हमीच्या मुदतींत असल्यास कापलेली तार पाहून कंपनीला विजेच्या दुरुस्तीची जबाबदारी नाकारावयास निमित्त मिळतें, हें आणखी एक.

फ्यूजविषयीं दोन शब्द. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठीं आहे असें लोक मानतात. खरें पाहतां तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. तारेला न सोसणारा प्रवाह वाहूं लागला तर तार तापून पेटण्यापूर्वीं स्वतः वितळावें, हा त्याचा धर्म. दहा अँपिअरचा फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथें तीस अँपिअरचा बसविणें, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद गुंडाळणें, याचा अर्थ आतां फ्यूजऐवजीं तारेनें जळावें अशी व्यवस्था करणें होय. आणि ती तार बसणाऱ्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर असते.

ध्वनिक्षेपकांच्या, म्हणजे स्पीकरच्या तारा आठ. प्रत्येक स्पीकरला दोन. एकीवर काळी रेघ असते, ती ऋण. पण ऋण म्हणजे पत्र्याला जोडावयाची असें मात्र नव्हे. हल्लींच्या यंत्रांत दोन्ही तारांना आंतून जोर मिळतो. त्यांतील एक पत्र्याला लावली तर आंतील ध्वनिवर्धक जळण्याचा संभव असतो. एका बाजूच्या दोन तारा उलट झाल्या तर नुकसान होत नाहीं, परंतु एक स्पीकर पुढें सरतो तेव्हां दुसरा मागें, आणि तबल्याच्या डग्ग्याचा भरदार नाद कोठेंतरी विरून जातो. "यंत्र भारी घेतलें पण आवाजांत दम नाहीं" या तक्रारीचें उत्तर पुष्कळदां या एवढ्याशा उलटापालटींत असतें.

उपग्रहांचे संदेश पकडणारा काडेपेटीहून लहान असा चौकोनी तुकडा यंत्राबरोबर येतो. तो डॅशबोर्डच्या वर किंवा त्याच्या प्लॅस्टिकखालीं, समोरच्या कांचेजवळ, चपटी बाजू आकाशाकडे करून ठेवावा. प्लॅस्टिक आणि साधी कांच या लहरींना अडवीत नाहींत. लोखंडी पत्रा अडवितो, आणि धातूचा पातळ थर दिलेली कांचही. घाईंत हा तुकडा यंत्राच्या मागें पत्र्याच्या खणांत तसाच कोंबला गेला, तर वाटाड्या आंधळा होतो आणि दोष पुन्हां आकाशाला मिळतो. बोलण्यासाठीं असलेल्या माइकची तार कांचेच्या बाजूच्या खांबांतून वर नेतात. त्या खांबांत कांहीं गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते; तिच्यावरून तार टाकली तर ऐन वेळीं पिशवीच्या मार्गांत अडथळा येईल. तार तिच्या मागून गेली पाहिजे.

स्टिअरिंगवरचीं बटनें चालू ठेवतां येतात, आणि तीं अवश्य ठेवावींत, कारण आवाज कमी करण्यासाठीं हात व दृष्टि दोन्ही पडद्याकडे न्यावीं लागत नाहींत. जुन्या गाड्यांत प्रत्येक बटनामागें निराळ्या मापाचा विद्युत्-रोध असतो. यंत्राला एकेक बटन दाबून 'शिकवावें' लागतें. नव्या गाड्यांत हे निरोप सांकेतिक भाषेंत जातात, आणि ती भाषा उलगडणारी निराळी डबी घ्यावी लागते. पाठीमागच्या कॅमेऱ्याला मागच्या पांढऱ्या दिव्याची वीज देतात, म्हणजे गियर मागें टाकतांच दृश्य आपोआप उमटतें.

फळी पुन्हां दाबून बसविण्याआधीं बॅटरी जोडून सर्व कांहीं तपासून घ्यावें. चारही स्पीकर, रेडिओ, कॅमेरा, रात्रीचे दिवे लावल्यावर पडदा मंद होतो कीं नाहीं, आणि किल्ली काढल्यावर तो निजतो कीं नाहीं. उरलेल्या तारा बांधून ठेवाव्यात. पायांतल्या ब्रेकच्या आसपास एकही लोंबती राहूं नये. आणि गाडी पुढें कधीं विकावयाची झाली तर यंत्रांतील दूरध्वनीचे क्रमांक व घरचा पत्ता पुसून द्यावा. नाहीं तर नव्या मालकाला जुन्याच्या दारापर्यंतची वाट तोच वाटाड्या दाखवील.

आतां एकच तार उरते. तिच्यावर बहुधा 'ब्रेक' अशी चिठ्ठी असते. ती हातब्रेकच्या खटक्याला जोडावयाची असते. हातब्रेक ओढला कीं तो खटका तारेला पत्र्याशीं जोडतो, यंत्राला गाडी उभी आहे असें कळतें, आणि तेव्हांच तें चलच्चित्र दाखवितें. गाडी चालूं लागली कीं चित्र बंद. नकाशा आणि आवाज चालू. यंत्र बनविणाऱ्यांनीं इतकी काळजी घेतली, पण ती मोडावयास एक वीत तार पुरते. ही तार काळ्या तारेला बांधून टाकली कीं यंत्राला वाटतें, गाडी जन्मभर उभीच आहे. दुकानांत ही सेवा पुष्कळदां फुकट मिळते.

ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढें जाते. चित्रांतील एका प्रसंगावर दृष्टि दोन सेकंद रेंगाळली तर २२ मीटर रस्ता कोणीच पाहिलेला नसतो. आणि घाटांत तेवढ्यांत एखादें वळण येऊन जातें. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या दुरुस्तीनें हातांतील दळणवळणाच्या साधनाचा उपयोग गाडी चालवितांना केवळ मार्ग पाहण्यासाठीं, आणि तोही चालकाचें चित्त विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, करावयास मुभा दिली. म्हणजे वाटाड्याला कायद्यानें गाडींत जागा दिली ती वाट दाखविण्यापुरती.

त्या निवृत्त कारकुनाच्या गाडीचें काम दुपारीं चारच्या सुमारास येथवर आलें. ते चहाला गेले नव्हते. दुकानापुढच्या स्टुलावर बसून, समजो न समजो, सर्व पाहत होते. कारागीर पोरगा विशींतला, हाताचा चलाख.

"काका, ही तार इथेंच काळ्या तारेला बांधून टाकतों," तो म्हणाला. "मग गाडी चालू असतांनाही पिक्चर दिसेल. सगळे असेंच करून नेतात."

"नको रे बाबा. ती हातब्रेकला ने."

"त्याला मधली पेटी उघडावी लागेल, काका. अर्धा तास जास्ती जाईल. आणि पैसे तेवढेच."

"जाऊं दे अर्धा तास. पैसेही घे वरचे. रात्रीचा घाट तिला उतरायचा असतो."

पोरानें एकदां मुलीकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. मग त्यानें दोन्ही आसनांमधील पेटीचे स्क्रू सोडविले, हातब्रेकच्या दांड्याखालचा खटका शोधला, तार गालिच्याखालून तेथवर नेली आणि जोडाला डाख दिला. पेटी पुन्हां बसविण्यापूर्वीं त्यानें मुलीला गाडींत बसावयास सांगितलें. तिनें दांडा ओढला, तशीं पडद्यावर एका जुन्या गाण्याचीं चित्रें हलूं लागलीं. दांडा सोडला. चित्रें गेलीं, गाणें ऐकूं येत राहिलें, आणि नकाशावर नाना पेठेंतील त्या बोळाच्या तोंडाशीं एक निळा ठिपका उभा होता.